संगणक आणि मॉडेमवरून फॅक्स: दोष कानाने ओळखावा

राळेगाव तालुक्यातील आपल्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यातून, आपण विचारलेल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. कार्यालयातले जुने फॅक्स यंत्र बंद पडले आहे, तो क्रमांक मात्र वीस वर्षांपासून सौदापत्रकांवर आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत आहे. तांब्याच्या तारेची लँडलाइन अजून चालू आहे. कुणीतरी दिलेले मॉडेम, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेवरून बोलता करणारे उपकरण, जोडून पाहिले, तर कधी पान अर्ध्यावर तुटते, कधी 'डायल टोन नाही' असा संदेश येतो आणि कधी समोरचा व्यापारी मराठी अक्षरे लागत नाहीत म्हणतो. तेव्हा नवे यंत्र घ्यावे, की याच मॉडेमवर काम भागेल, आणि भागत असेल तर नेमके काय करावे?

काम भागेल. मी १९९६ पासून वर्धा जिल्ह्यात एसटीडी-पीसीओ आणि फॅक्सचे केंद्र चालवले आणि पुढे अनेक जिनिंग, पतसंस्था व दवाखान्यांत फॅक्स मॉडेम बसवून दिले. त्या अनुभवावरून पहिलीच गोष्ट सांगतो. संगणकावरून जाणारा फॅक्स अडला की लोक प्रोग्राम काढून पुन्हा टाकतात, मॉडेम बदलतात, संगणक 'फॉरमॅट' करतात. दोष मात्र बहुतेक वेळा तारेत असतो, किंवा कॉल लागल्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत असतो, आणि तो ऐकू येतो. म्हणून कोणतीही सेटिंग बदलण्याआधी मॉडेमच्या स्पीकरचा आवाज मोठा करावा. कंट्रोल पॅनेलमधील 'फोन अँड मॉडेम' या भागात मॉडेमच्या गुणधर्मांत आवाजाची पट्टी असते. काही यूएसबी मॉडेमना स्पीकरच नसतो. तिथे समांतर जोडलेला फोन उचलावा आणि बोलण्याचा भाग तळहाताने घट्ट झाकून ऐकावे, कारण खोलीतला आवाज तारेत शिरला तर चांगला चाललेला फॅक्सही बिघडतो. चाचणी संपली की तो समांतर फोन काढून ठेवावा.

काय ऐकायचे, ते समजण्यासाठी फॅक्सचे काम थोडक्यात पाहू. चित्र तारेवरून पाठवण्याची कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन या घड्याळजीने १८४३ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. परंतु कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या यंत्राशी मिनिटाच्या आत पानाची देवघेव करू लागले, ते १९८० मध्ये ठरलेल्या 'ग्रुप ३' या आंतरराष्ट्रीय मानकामुळे, आणि आपले मॉडेम आजही त्याच नियमांनी बोलते. पानाची प्रत्येक आडवी ओळ १७२८ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत मोडली जाते. साध्या प्रतीत, म्हणजे कमी बारकाईच्या नेहमीच्या दर्जात, उभ्या दिशेने दर मिलिमीटरला ३.८५ ओळी, म्हणजे ए-४ पानात सुमारे ११४३ ओळी होतात. गुणाकार केला तर एका पानाचे जवळपास पावणेवीस लाख ठिपके भरतात. ते जसेच्या तसे सेकंदाला ९६०० बिट या वेगाने पाठवायचे म्हटले तर साडेतीन मिनिटे लागतील. पण ओळीत सलग पांढरे किती आणि सलग काळे किती एवढेच सांकेतिक रूपात पाठवले जात असल्यामुळे टंकलिखित पान बहुधा मिनिटाच्या आत जाते. ज्या पानावर करडी छटा, छायाचित्र किंवा झेरॉक्सचे बारीक काळे ठिपके असतात, त्यात सलग असे काही राहत नाही, आणि म्हणून तेच पान तीन-चार मिनिटे घेते. रात्री ११ नंतर एसटीडीचा दर पाव होत असे, त्या काळी माझ्या केंद्रात लोक रांग लावून फॅक्स पाठवत, आणि मी आधी प्रत्येकाचा कागद उजेडात धरून पाहत असे, तो याच कारणासाठी.

आता आवाज. क्रमांक फिरवल्यावर आपले मॉडेम दर साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंदाची एक 'पीं' अशी हाक देते. ती ११०० हर्ट्‌झची असते. पलीकडच्या यंत्राने उचलले की तीन-एक सेकंद अखंड, कानाला टोचणारी, बरीच वरच्या पट्टीतली शिटी येते. ती २१०० हर्ट्‌झची. त्यानंतर दोन्ही बाजूंची प्राथमिक बोलणी सुरू होतात: मी काय काय करू शकतो, तुला कोणता वेग चालेल, पान केवढे. ही बोलणी सेकंदाला केवळ ३०० बिट अशा संथ चालीने होतात आणि कानाला टुरटुर किंवा घुमणाऱ्या कंपासारखी लागतात. मग आपले मॉडेम ठरलेल्या वेगाने दीड सेकंदाची चाचणी पाठवते, ती 'खर्रऽ' अशी जोरदार येते. चाचणी पलीकडे स्वच्छ पोहोचली तर उत्तरादाखल एक छोटी टुरटुर, आणि लगेच पानाचा सलग, एकसुरी खळाळ सुरू. पान संपले की पुन्हा टुरटुर, 'मिळाले' असे उत्तर, आणि कॉल बंद.

या क्रमातली कोणती पायरी चुकली, त्यावर दोष कुठे आहे ते कळते. 'खर्रऽ, टुरटुर, खर्रऽ, टुरटुर' असे तीन-चार वेळा ऐकू आले तर समजावे की चाचणी नापास होत आहे आणि दोन्ही यंत्रे वेग उतरवत आहेत: १४४०० वरून १२०००, मग ९६००, ७२००, ४८०० आणि अखेरीस २४००. हा तारेचा दोष आहे. प्रोग्राम कितीही बदलला तरी तो जाणार नाही. शिटी आलीच नाही आणि पलीकडून माणसाचा 'हॅलो, हॅलो' ऐकू आला, तर दोष कुठेच नाही. समोरच्याने फोन हाताने उचलला आहे, त्यांना स्टार्टचे बटण दाबायला सांगावे. शिटी आली, टुरटुरही आली, पण आपल्याकडून चाचणीचा 'खर्रऽ' निघालाच नाही, तर आपला संगणक वेळेवर उत्तर देत नाही असे धरून चालावे. पान अर्ध्यावर आल्यावर 'खट्' असा आवाज होऊन सगळे थांबले, तर कुणीतरी समांतर फोन उचलला आहे किंवा लाइनवर कॉल वेटिंगची सुविधा चालू आहे. कॉल वेटिंगची ती छोटी टिंग माणसाला सोयीची असली तरी फॅक्सच्या दृष्टीने तो मध्येच आलेला धक्का असतो. फॅक्सच्या लाइनवरून ही सुविधा काढून टाकण्यासाठी एक्स्चेंजला अर्ज द्यावा.

संगणक वेळेवर उत्तर देत नाही, असे मी वर म्हटले ते जरा स्पष्ट करतो, कारण मॉडेमची निवड याच्याशी निगडित आहे. फॅक्स मॉडेमचे मुख्यतः तीन वर्ग आहेत: क्लास १, क्लास २ आणि क्लास २.०. क्लास १ मध्ये मॉडेम फक्त आवाजाचे बिट आणि बिटांचा आवाज करते. बोलण्यांचे सगळे नियम आणि त्यांच्या वेळा संगणकातल्या प्रोग्रामला सांभाळाव्या लागतात. क्लास २ आणि २.० मध्ये ही बोलणी मॉडेम स्वतः करते आणि संगणक फक्त पान पुरवतो. आपल्याकडील मॉडेम कोणत्या वर्गाचे आहे ते पाहायचे असेल तर टर्मिनल, म्हणजे मॉडेमला थेट आज्ञा टंकता येणारा, प्रोग्राम उघडून रोमन लिपीत 'एटी+एफक्लास=?' (AT+FCLASS=?) ही आज्ञा टंकावी. उत्तरात ०, १, २, २.० यांपैकी जे आकडे येतील ते त्याचे वर्ग. शून्य म्हणजे केवळ डेटा. एकटे शून्यच आले तर त्या मॉडेमवरून फॅक्स जाणारच नाही. क्लास १ वाईट नाही, आज मिळणारी बहुतेक मॉडेम तीच आहेत. परंतु फॅक्स चालू असताना त्याच संगणकावर व्हायरस स्कॅन सुरू झाले किंवा हिशेबाच्या प्रोग्रामची मोठी छपाई चालू झाली की उत्तराला उशीर होतो आणि समोरचे यंत्र कंटाळून कॉल तोडते. संगणकाच्या आत बसणारी काही स्वस्त कार्डे तर मॉडेमचे निम्मे कामही संगणकाच्याच प्रोसेसरवर टाकतात. ती मी कधी कुणाला सुचवली नाहीत. स्वतंत्र वीजजोड, स्वतःचा स्पीकर आणि समोर लुकलुकणारे दिवे असलेले बाहेरचे सिरियल मॉडेम जुने मिळाले तरी घ्यावे. दिव्यांकडे पाहूनही बरेच कळते.

विंडोजमधली मांडणी सोपी आहे. 'विंडोज फॅक्स अँड स्कॅन' हा प्रोग्राम संगणकात असतो. नव्या आवृत्तीत दिसला नाही तर सेटिंग्जमधील ऐच्छिक सुविधांतून जोडून घ्यावा. त्यात फॅक्स खाते तयार करताना 'फॅक्स मॉडेमला जोडा' हा पर्याय निवडायचा. पुढे 'टीएसआयडी' आणि 'सीएसआयडी' असे दोन रकाने भरावे लागतात, म्हणजे पाठवताना आणि घेताना समोरच्या यंत्रावर दिसणारी आपली ओळख. ती जास्तीत जास्त २० अक्षरांची असते. तिथे देवनागरीत नाव लिहू नये, कारण मानकात त्याची सोय नाही. एसटीडी कोडसह आपला क्रमांकच लिहावा. 'डायल टोन नाही' हा जो संदेश आपल्याला येतो, तो अनेकदा लाइन जिवंत असतानाच येतो, कारण मॉडेम दुसऱ्या देशाच्या डायल टोनची वाट पाहत असते. प्रथम देश 'भारत' निवडला आहे ना ते पाहावे, आणि तरीही तसेच झाले तर मॉडेमच्या गुणधर्मांतील 'डायल करण्यापूर्वी डायल टोनची वाट पाहा' ही खूण काढून टाकावी. टर्मिनलवरून हेच 'एटीएक्स३' (ATX3) या आज्ञेने होते. कार्यालयात इंटरकॉम असून बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबावे लागत असेल, तर शून्यानंतर स्वल्पविराम टाकावा. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा. तिथेच दिसणाऱ्या पोर्टच्या वेगाला मात्र हात लावू नये. तो संगणक आणि मॉडेम यांच्यातला वेग आहे, तारेवरच्या फॅक्सचा नव्हे, आणि 'लाइन खराब आहे म्हणून वेग कमी केला' असे म्हणत तो उतरवणाऱ्यांनी चांगली चालणारी मॉडेमही बंद पाडलेली मी पाहिली आहेत.

आता तारेकडे वळतो, कारण आपल्या पान तुटण्याचे मूळ मला तिथेच दिसते. एक सोपी परीक्षा आहे. साधा फोन थेट भिंतीवरच्या डबीला लावावा, उचलावा, कोणताही एक आकडा दाबावा. डायल टोन बंद होईल आणि काही सेकंद लाइन मोकळी राहील. त्या शांततेत कान लावावा. पूर्ण शांतता असेल तर लाइन फॅक्सला योग्य आहे. पावसाळ्यात तळणीसारखी चरचर येत असेल, तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरले आहे. एकसारखी खोल गुणगुण असेल तर तार विजेच्या वायरिंगला खेटून गेली आहे किंवा तिची एक बाजू जमिनीला लागली आहे. जिनिंगच्या आवारात हे फार सापडते: मोटारीची केबल आणि फोनची तार एकाच पाइपातून ओढलेली असते, आणि जिन चालू असताना फॅक्स जात नाही, रात्री मात्र जातो. आपण हे पडताळून पाहावे. एकच पान जिन बंद असताना आणि चालू असताना पाठवावे. फरक दिसला तर फोनची तार वेगळ्या मार्गाने ओढून घेण्यावाचून उपाय नाही. त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मॉडेमच्या आधी फिल्टर हवा. ब्रॉडबँडचे संकेत २५ किलोहर्ट्‌झच्या वर असतात आणि फॅक्स साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झमध्ये चालतो. फिल्टर नसला की दोघे एकमेकांच्या वाटेत येतात. लाइनमनकडे तक्रार करताना 'फॅक्स जात नाही' असे सांगू नये, कारण तो 'मशीन पाहून घ्या' म्हणेल. 'आकडा दाबल्यावर चरचर येते, कान लावून पाहा' असे सांगावे, आणि आधी खांबावरचा जोड व पिलर, म्हणजे रस्त्याकडेची तारांच्या जोडांची पेटी, उघडून पाहायला लावावे.

चुका दुरुस्त करण्याची एक व्यवस्था फॅक्समध्ये आहे, तिला 'ईसीएम' म्हणतात. तीत पान छोट्या तुकड्यांत जाते, बिघडलेले तुकडे समोरचे यंत्र पुन्हा मागते, आणि म्हणून पान उशिरा का होईना पण बिनचूक पोहोचते. ती नसेल तर चरचरीचा एक क्षण पानावर एक काळी रेघ किंवा विसकटलेली ओळ होऊन उमटतो. फार खराब लाइनवर मात्र ईसीएम तुकडे मागत बसते आणि शेवटी कॉलच तुटतो; तेव्हा ती बंद केल्यास रेघोट्यांचे का होईना, पान जाते. माझे मत असे की आकड्यांचा कागद असेल तर ईसीएम चालूच ठेवावी. सौदापत्रकातला एक विसकटलेला आकडा हा न पोहोचलेल्या पानापेक्षा घातक आहे. माझ्यासमोर घडलेली गोष्ट आहे: १९६ गाठींचा सौदा मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे ११६ म्हणून वाचला गेला, आणि माल निघाल्यावर दोन्हीकडे जो मनस्ताप झाला तो निस्तरायला आठवडा लागला. कागद माझ्याच केंद्रातून गेला होता आणि अहवाल 'ओके' होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला गाठींची संख्या आणि खंडीचा भाव अंकांत लिहून पुढे अक्षरांतही लिहायला सांगत आलो.

त्या चुकीत तारेपेक्षा प्रतीचा दोष मोठा होता, आणि इथे आपला मराठीचा प्रश्न येतो. फॅक्समध्ये अक्षर जात नाही, चित्र जाते. त्यामुळे आपण श्रीलिपीत टंकले काय, कृतिदेवमध्ये काय किंवा युनिकोडमध्ये काय, समोरच्याकडे तो फाँट असण्याची गरज नाही. वर्डमधून छपाईची आज्ञा देताना प्रिंटरच्या जागी 'फॅक्स' निवडला की पान जसे दिसते तसेच निघते. फाइल ई-मेलने पाठवल्यावर समोर चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटण्याच्या काळात आमच्या भागातल्या बातमीदारांचा आणि वकिलांचा फॅक्सवर जो विश्वास होता, तो यामुळेच. अडचण वेगळी आहे. साध्या प्रतीत दोन ओळींमधले अंतर सुमारे ०.२६ मिलिमीटर असते. १२ पॉइंटच्या टंकातला अनुस्वार साधारण अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात, आणि कागद किंचित तिरका असेल तर एकच. 'कळंब' चे 'कळब' होते, 'वर्णी' मधला रफार शिरोरेषेत बुडाला की 'वणी' होते, आणि १ व ९ मधला फरक तर त्या वरच्या लहानशा गाठीवरच उभा असतो. म्हणून मराठी पानासाठी नेहमी 'फाइन' प्रत निवडावी; तीत ओळींची संख्या दुप्पट, म्हणजे दर मिलिमीटरला ७.७ होते. वेळ वाढतो, पण वाढू द्यावा. टंक १४ पॉइंटच्या खाली नको, रेषा जाड असलेला फाँट घ्यावा, आणि पत्राच्या माथ्यावरचे रंगीत बोधचिन्ह व रकान्यांमागची करडी छटा काढून टाकावी. कागदाचा आकार ए-४ असल्याची खात्री करावी; अनेक संगणकांत तो मुळातच 'लेटर' असतो आणि तळाची सही कापली जाते.

सातबारा, काटापट्टी किंवा सहीशिक्क्याचा कागद पाठवायचा असेल तर तो आधी स्कॅन करावा लागेल. ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केल्याने फॅक्स चांगला जाईल हा समज खोटा आहे. तारेवरून जाणार आहेत ते दर इंचाला सुमारे २०० काळे-पांढरे ठिपकेच. म्हणून थेट २०० डीपीआय, काळे-पांढरे असेच स्कॅन करावे आणि गडदपणाची पट्टी हलवून पडद्यावर निकाल पाहावा. निळ्या बॉलपेनची फिकट सही कोणत्या टप्प्यावर नाहीशी होते, जांभळा शिक्का कोणत्या टप्प्यावर काळा गोळा होतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि दोन्ही एकाच पानावर असले तर मधला मार्ग शोधावा लागतो. अंगठ्याचा ठसा फॅक्सने नीट जात नाही. त्यातल्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. ज्या व्यवहारात ठशाला महत्त्व आहे, तो मूळ कागद टपालानेच पाठवावा.

फॅक्स येण्याच्या बाजूला मला संगणकाबद्दल थोडे सावध करायचे आहे. पाठवण्यासाठी मॉडेम उत्तम आहे, पण घेण्यासाठी संगणक चालू असावा लागतो, झोपलेला किंवा बंद संगणक फोन उचलत नाही, आणि आपल्याकडच्या भारनियमनात तो दिवसभर चालू ठेवायचा तर इन्व्हर्टर रिकामा होतो. म्हणून मी बहुतेकांना असे करायला लावले: सौदापत्रकावर क्रमांकाशेजारी 'फॅक्सची वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ५' असे छापून घ्यायचे आणि त्या वेळेत प्रोग्राम ठरावीक घंटांनंतर आपोआप उचलेल असा ठेवायचा. बोलण्यासाठीही हीच लाइन असेल, तर पाच घंटांची मुदत ठीक आहे; तेवढ्यात माणूस फोन उचलू शकतो. आपण उचलल्यावर कुणी बोलत नसेल आणि दर तीन-साडेतीन सेकंदांनी 'पीं' ऐकू येत असेल, तर ती फॅक्सची हाक आहे; फोन न ठेवता प्रोग्राममधील 'आत्ता फॅक्स घ्या' हे बटण दाबावे आणि मगच फोन ठेवावा. चोवीस तास घेणे गरजेचेच असेल, तर एक छोटा, कमी वीज खाणारा लिनक्स संगणक आणि त्यावर 'हायलाफॅक्स' ही रचना उत्तम चालते. सॅम लेफ्लर यांनी ती सुरू केली, आणि फॅक्स ज्या टिफ स्वरूपात साठवले जातात त्याचे 'लिबटिफ' हे साधनही त्यांचेच आहे. पण ती बसवायला जाणकार माणूस लागतो.

आलेले फॅक्स टिफ फाइलमध्ये साठतात, आणि जुन्या औष्णिक कागदासारखे वर्षभरात पुसट होत नाहीत, हा मोठा लाभ आहे. महिन्याच्या महिन्याला त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. एखादे आलेले पान पडद्यावर बुटके, दाबल्यासारखे दिसले तर घाबरू नये. साध्या प्रतीत आडवे ठिपके उभ्यांच्या दुप्पट दाट असतात, आणि काही चित्रदर्शक प्रोग्राम हे लक्षात घेत नाहीत. विंडोजच्या फॅक्स प्रोग्राममधूनच उघडून छापले की पान योग्य उंचीचे येते.

'ओके' अहवालाचा अर्थही नीट समजून घ्यावा. समोरच्या यंत्राला पान मिळाले, एवढेच तो सांगतो; कागदावर उमटले, वाचता आले, योग्य माणसाच्या हाती पडले, हे तो सांगत नाही. एकदा एका शेतकरी संस्थेची निविदा शेवटच्या दिवशी दुपारी माझ्याकडून गेली. अहवाल व्यवस्थित होता. पलीकडे यंत्रातला कागद संपला होता, पाने यंत्राच्या स्मृतीत साठली होती, आणि कागद भरण्यापूर्वीच तिथली वीज गेली. वीज जाताच स्मृती पुसली गेली. माझ्या हातातला अहवाल दाखवून उपयोग झाला नाही. तेव्हा मुदतीचा कागद असेल तर फॅक्सनंतर पाच मिनिटांनी फोन करावा, पाने किती आली ते विचारावे, आणि ज्यांनी सांगितले त्यांचे नाव व वेळ अहवालावर लिहून ठेवावी.

विजेपासून संरक्षणाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो, कारण आपल्या भागात मॉडेम मरतात ते बहुतेक रोहिणी-मृगाच्या वादळात, आणि विजेच्या प्लगमधून नव्हे तर फोनच्या तारेतून आलेल्या झटक्याने. संगणक बंद केला, मुख्य बटणही बंद केले, तरी फोनची तार मॉडेमला लागलेलीच असते. ढग दाटले की ती छोटी पारदर्शक क्लिप दाबून तार भिंतीच्या डबीतूनच काढावी. लाइनवर बसवायचे संरक्षक मिळतात, पण चांगले अर्थिंग नसेल तर ते निरुपयोगी आहेत, आणि काळ्या जमिनीत अर्थिंगची एक खास अडचण आहे: उन्हाळ्यात ही माती भेगाळते, अर्थिंगच्या पुरलेल्या प्लेटपासून सुटते, आणि नेमक्या पहिल्या वादळाच्या वेळी अर्थिंग सर्वांत कमजोर असते. मे महिनाभर अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे.

पुढेमागे आपली तांब्याची लाइन काढून फायबरवर फोन दिला जाईल, तेव्हाचेही लक्षात असू द्यावे. तिथे आवाज इंटरनेटच्या पद्धतीने पुड्या करून जातो, आणि एखादी पुडी उशिरा आली तर माणसाला कळतही नाही, पण फॅक्सची बोलणी मोडतात. आवाज न दाबता सेकंदाला ६४ हजार बिटांनी पाठवला जात असेल तर फॅक्स बहुधा चालतो, दाबून ८ हजारांत बसवला असेल तर चालत नाही. यासाठी १९९८ मध्ये 'टी.३८' हे वेगळे मानक ठरले; फायबरची जोडणी घेतानाच ते उपलब्ध आहे का, हे लेखी विचारावे. शक्य असेल तिथे वेग ९६०० वर मर्यादित ठेवावा. मोबाइलच्या जाळ्यावर चालणारे टेबलावरचे बिनतारी फोन मात्र फॅक्ससाठी घेऊच नयेत, कारण ते माणसाच्या आवाजाच्या बेताने ध्वनी दाबतात आणि मॉडेमचा आवाज त्या साच्यात बसत नाही.

नवे यंत्र आत्ता घेऊ नये. आधी 'भारत' आणि डायल टोनची खूण तपासावी, समांतर फोन काढावा, जिन बंद असताना आकडा दाबून लाइन ऐकावी, आणि मग १४ पॉइंटमध्ये टंकलेले एकच पान फाइन प्रतीत जवळच्याच एखाद्या ओळखीच्या क्रमांकावर पाठवावे. मुंबईला पहिली चाचणी करू नये, कारण लांबच्या कॉलमध्ये दोष कुठला ते वेगळे काढता येत नाही. त्या वेळी स्पीकरवर 'खर्रऽ' किती वेळा आला ते मोजून कळवावे. एकदाच आला असेल तर आपली तार चांगली आहे आणि उरलेले काम संगणकात आहे. तीनपेक्षा जास्त वेळा आला तर लाइनमनला बोलावून खांबावरचा जोड आपल्यासमोर उघडून घ्यावा.